काउंटरवर बसण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

बँकेत रुजू झालास, फार आनंद झाला. केवायसी, क्लिअरिंग, दिवसाअखेरचा कॅशचा मेळ हे सगळं शाखेतली जुनी माणसं तुला शिकवतीलच. मी लिहितोय ते वेगळ्या गोष्टीबद्दल.

तुझ्या काउंटरवर अंध ग्राहक येईल. बरोबर भाऊ किंवा शेजारी असेल, आणि आपली सवय अशी की प्रश्न त्या शेजाऱ्याला जातो, "यांना किती काढायचेत?" खातं ज्याचं, त्याच्याशी बोल. आधी स्वतःचं नाव सांग. आवाज चढवू नकोस, त्याला दिसत नाही, ऐकू नीट येतं. खुर्चीपर्यंत न्यायचं असेल तर "सोबत येऊ का?" असं विचार. हो म्हणाला तर तुझं कोपर पुढे कर, तो धरेल, तू अर्धं पाऊल पुढे चाल. दंडाला धरून ओढत नेलं तर माणूस धडपडतो. खुर्चीपाशी त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकव, बाकी बसायचं कसं ते त्याला कळतं. आणि तिथून निघताना "मी जातो" असं सांगून नीघ, नाहीतर तो रिकाम्या जागेशी बोलत राहतो.

नोटा देताना घाई नको. 100, 200 आणि 500 च्या नव्या नोटा रुंदीला अगदी सारख्या, लांबीत एकीपासून दुसरीत फक्त 4 मिलिमीटरचा फरक. बोटांनी तो ओळखायचा म्हणजे वेळ लागणारच. प्रत्येक किमतीच्या नोटा वेगळ्या हातात दे, कोणत्या किती ते हळू आवाजात सांग. अख्ख्या रांगेला रक्कम ऐकू जायला नको. काहीजण प्रत्येक नोटेची घडी वेगळी घालून पाकिटात ठेवतात, तेवढं होऊ दे. रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखणारं 'मणी' अ‍ॅप 2020 मध्ये आलं. ज्याला माहीत नसेल त्याला जरूर सांग.

आता सर्वांत महत्त्वाचं. "तुम्हाला चेकबुक कशाला? कोणी फसवलं तर?" हे वाक्य बँकेत फार प्रेमाने बोललं जातं, आणि त्या प्रेमाने माणसाचा व्यवहार त्याच्या हातातून जातो. मला याची मनापासून चीड आहे. हिडीसफिडीस करणारा निदान ओळखू तरी येतो. चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज यांतलं काहीही केवळ अंधत्वाच्या कारणावरून नाकारायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच सगळ्या बँकांना कळवलंय. कोणी सीनियर अडवायला लागला तर ते परिपत्रक काढून नम्रपणे त्याच्यासमोर ठेव.

कर्णबधिर ग्राहक आला तर समोर बघून सावकाश बोल, तोंडावर हात नको, कागद-पेन जवळ असू दे. व्हीलचेअर हा त्या माणसाच्या अंगाचाच भाग समज. न विचारता ढकलायची नाही, तिच्यावर रेलायचं नाही.

आणि वरवर धडधाकट दिसणारा कोणी दिव्यांग प्रमाणपत्र दाखवून बसायला जागा मागेल, तेव्हा त्याला वर-खाली न्याहाळू नकोस. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व आहे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे त्यातले रक्ताचे आजार चेहऱ्यावर दिसत नाहीत. लोकांदेखत एखाद्या दिव्यांगाचा जाणूनबुजून अपमान केला तर याच कायद्यात कैदेची तरतूद आहे, हेही ठाऊक असू दे. पण तू त्या धाकाने वागशील असं मला वाटत नाही.

एक काम लगेच कर. शाखेच्या दारातला रॅम्प बघून ये. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. त्याहून उभा असेल तर व्हीलचेअर एकट्याने चढवता येत नाही. रॅम्पवर स्टाफच्या मोटरसायकली लागतात का तेही बघ. लागत असतील तर आधी तुझी दुसरीकडे लाव, मग बाकीच्यांना सांग. काय दिसलं ते कळव. मॅनेजरसाहेबांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी करून पाठवतो.

तुझा,
काका