लढाऊ विमानांचे रंग आणि खुणा : वाचकांचे प्रश्न

लढाऊ विमानांच्या रंगांविषयी आणि त्यांच्या अंगावरील चिन्हांविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : जग्वार विमान हिरवे-करडे दिसते, तर सुखोई, तेजस आणि राफेल ही सगळी विमाने एकसारख्या करड्या रंगाची दिसतात. असा फरक का? आणि आकाश निळे असताना विमानाला निळाच रंग का देत नाहीत? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोन्ही प्रकारच्या रंगांचा उद्देश लपणे हाच आहे, फरक आहे तो कोणाच्या नजरेपासून आणि कोणत्या पार्श्वभूमीवर लपायचे यात. जग्वार १९७९ साली भारतीय हवाई दलात दाखल झाले ते शत्रूच्या प्रदेशात जमिनीलगत, खोलवर घुसून मारा करण्यासाठी. असे विमान वरून टेहळणी करणाऱ्या शत्रूच्या वैमानिकाला दिसू नये, म्हणून त्याच्या पाठीवर रानाशी आणि मातीशी मिळतेजुळते गडद हिरव्या व गडद करड्या रंगाचे मोठे पट्टे असतात आणि पोटाला फिका करडा रंग असतो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेनेही आपली बरीच विमाने याच विचाराने हिरव्या आणि तपकिरी रंगांत रंगवली होती. मात्र तेच विमान उंचावर, मोकळ्या आकाशात आले की गणित उलटते. उजळ आकाशासमोर गडद हिरवा रंग काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो आणि हवाई लढतीत आधी दिसणारा वैमानिक अडचणीत येतो.

म्हणूनच १९७० च्या दशकात, जेव्हा मुख्यतः हवाई लढतीसाठी आखलेली विमाने येऊ लागली, तेव्हा रंगाचा विचार नव्याने झाला. आपण विचारलेली निळ्या रंगाची शक्यताही त्या वेळी आजमावली गेली होती. सुरुवातीची अमेरिकी एफ-१५ विमाने खरोखरच फिक्या निळ्या रंगात रंगवलेली होती, पण लवकरच त्यांची जागा करड्या छटांनी घेतली. याचे कारण असे की आकाश सर्वत्र सारखे निळे नसते. डोक्यावर ते गडद असते, क्षितिजाकडे उतरत जाते तसे पांढुरके होते आणि ढगाळ दिवशी तर निळेपणा उरतच नाही. शिवाय, कित्येक किलोमीटर अंतरावरची कोणतीही वस्तू मधल्या धुरकट हवेमुळे स्वतःचा रंग गमावून बसते. त्या अंतरावर डोळ्याला रंग कळत नाही, केवळ उजळ-काळोख्यातला फरक कळतो. फिका करडा रंग हा फरक बहुतेक परिस्थितींत सर्वांत कमी ठेवतो आणि म्हणूनच जगभरच्या हवाई दलांनी तो पत्करला.

येथे रंगाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण ती फार रंजक आहे. खालून पाहिले असता विमानाचे पोट सावलीत असते. ते कितीही पांढरे रंगवले तरी त्याच्या मागे असलेल्या आकाशाइतके उजळ होऊ शकत नाही. ही अडचण ओळखून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने विमानाच्या पुढच्या भागावर दिव्यांची रांग बसवून पाहिली. दिव्यांची प्रखरता मागच्या आकाशाइतकी ठेवली की समोरून येणारे विमान फार जवळ येईपर्यंत दिसत नसे. रडारचा प्रसार झाल्यावर हा प्रयोग मागे पडला, पण लपण्याच्या बाबतीत रंगछटेपेक्षा उजळपणा महत्त्वाचा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. याच तत्त्वाची दुसरी बाजू ब्रिटिश हवाई दलाने दाखवून दिली. प्रशिक्षण विमाने इतरांना चटकन दिसावीत आणि टक्कर टळावी यासाठी चाचण्या घेतल्या, तेव्हा दिवसाच्या आकाशात चकचकीत काळा रंग सर्वांत ठळक दिसतो असे आढळले आणि त्यांची हॉक विमाने काळी झाली.

रंगाचा पोतही तितकाच महत्त्वाचा असतो. चकचकीत पृष्ठभागावरून सूर्यप्रकाशाची एक तिरीप परावर्तित झाली, तरी ती फार लांबून दिसते. म्हणून लढाऊ विमानांचा रंग झिलई नसलेला किंवा अगदी कमी झिलईचा असतो.

प्रश्न : या रंगांमुळे रडारची फसवणूक होते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. नेहमीचा रंग मानवी डोळ्यासाठी असतो. रडारपासून बचाव मुख्यतः विमानाच्या आकाराने साधतो आणि एफ-३५ सारख्या विमानांवर त्याच्या जोडीला रडारलहरी शोषणारे विशेष लेप दिलेले असतात. मात्र रंग आणि रडार यांचा एक संबंध प्रत्येक लढाऊ विमानावर पाहायला मिळतो. विमानाच्या नाकातील रडारला स्वतःच्या लहरी बाहेर पाठवायच्या असतात, त्यामुळे त्यावरील आवरणाला, म्हणजे रेडोमला, धातूचे कण असलेला रंग चालत नाही. रेडोमवर पावसाच्या माऱ्यात टिकणारा आणि लहरींना अडथळा न करणारा वेगळा लेप देतात. पुष्कळ विमानांच्या नाकाची छटा बाकीच्या अंगापेक्षा निराळी दिसते ती यामुळेच.

प्रश्न : विमान लपवायचेच असेल, तर त्यावर केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ कशासाठी काढतात? हे चिन्ह केव्हापासून आहे? (राष्ट्रीय छात्रसेनेतील एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : हे वर्तुळ म्हणजे विमानाचे राष्ट्रीयत्व सांगणारी खूण आहे आणि ती ऐच्छिक सजावट नाही. लष्करी विमानावर राष्ट्रीयत्वाची बाह्य खूण असावी, हा संकेत आंतरराष्ट्रीय व्यवहारात रूढ आहे. १९२३ साली हेग येथे हवाई युद्धाच्या नियमांचा जो मसुदा तयार झाला, त्यात तसे कलम होते. तो मसुदा करार म्हणून कधीच अमलात आला नाही, पण त्यातील हे तत्त्व राष्ट्रे पाळत आली आहेत. सैनिक जसा गणवेशात लढतो, तसे विमानानेही आपली ओळख अंगावर बाळगूनच लढले पाहिजे, असा त्यामागील विचार आहे.

भारतीय चिन्हाचा इतिहास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हवाई दलाची स्थापना झाली, तेव्हा आपल्या विमानांवर ब्रिटिशांचीच निळी-पांढरी-लाल वर्तुळे होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातील मधला लाल ठिपका घातक ठरू लागला, कारण समोर जपानी विमाने होती आणि त्यांचे चिन्ह म्हणजे लाल गोळा. घाईच्या क्षणी आपलीच तोफ आपल्याच विमानावर रोखली जाण्याचा धोका होता. त्यामुळे लाल रंग काढून टाकण्यात आला आणि वर्तुळात केवळ निळ्या-पांढऱ्या छटा उरल्या. अमेरिकेनेही १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातील लाल ठिपका याच कारणाने पुसला. स्वातंत्र्यानंतर काही काळ आपल्या विमानांवर अशोकचक्र होते आणि १९५० पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरे व केंद्रस्थानी हिरवे असे आजचे वर्तुळ आले. शेपटीच्या उभ्या पंखावरील तीन रंगांचा पट्टाही त्याच कुळातला.

आपल्याच लोकांना आपले विमान ओळखता न येणे हा धोका किती खरा असतो, हे १९४४ च्या नॉर्मंडी स्वारीवरूनही दिसते. त्या वेळी दोस्त राष्ट्रांच्या हजारो विमानांवर अवघ्या काही दिवसांत काळे-पांढरे रुंद पट्टे मारण्यात आले. लपण्याचे सगळे फायदे त्यामुळे गेले, तरी स्वकीयांच्या गोळीबारातून वाचणे त्या क्षणी अधिक मोलाचे मानले गेले.

आज विमानाची ओळख इलेक्ट्रॉनिक संदेशाने पटवता येत असल्याने अनेक देशांनी ही चिन्हे फिकी केली आहेत. अमेरिकी विमानांवर तारा करड्या छटेत उमटवलेला असतो, ब्रिटिश विमानांवर लाल-निळ्याऐवजी फिका गुलाबी आणि फिका निळा रंग दिसतो. आपल्या हवाई दलाने तिरंग्याचे रंग सोडलेले नाहीत आणि माझ्या मते ते योग्यच आहे. एवढे लहान वर्तुळ कित्येक किलोमीटरवरून कोणालाही विमानाचा ठाव सांगत नाही, पण जवळून पाहणाऱ्याला मात्र विमान कोणाचे, हे निःसंशय सांगते.

प्रश्न : राफेल विमानांवर आरबी आणि बीएस अशी अक्षरे का आहेत? (एक वाचक, लातूर)

उत्तर : ही विमानाच्या क्रमांकाची आद्याक्षरे आहेत. आपल्या हवाई दलात विमानाच्या जातीनुसार व उपप्रकारानुसार अक्षरे ठरतात आणि त्यांपुढे आकडे येतात. एकासनी जग्वारवर जेएस, दोन आसनी प्रशिक्षण जग्वारवर जेटी आणि सागरी माऱ्याच्या जग्वारवर जेएम असे लिहिलेले असते. राफेलच्या बाबतीत एकासनी विमानांना बीएस आणि दोन आसनी विमानांना आरबी अशी अक्षरे मिळाली, ती अनुक्रमे एअर चीफ मार्शल बिरेंदर सिंग धनोआ आणि राकेश कुमार सिंग भदौरिया या दोन हवाई दल प्रमुखांच्या नावांवरून. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी फ्रान्समध्ये बोर्दोजवळ भारताच्या स्वाधीन झालेले पहिले राफेल आरबी-००१ हे होते.

प्रश्न : गोव्यातील नौदलाच्या विमान संग्रहालयात गेलो असता विमानांवर जागोजागी बारीक अक्षरे, बाण आणि त्रिकोण दिसले. सी हॅरियरच्या काचेवर तर नागमोडी पांढरी रेघ होती. हे सगळे कशासाठी? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आपण नेमक्या दुर्लक्षित गोष्टीकडे लक्ष दिले आहे. ही अक्षरे हातभर अंतरावरून वाचण्यासाठी असतात आणि त्यांचा वाचक म्हणजे धावपट्टीवरचा तंत्रज्ञ किंवा अपघातस्थळी धावून आलेला बचाव कर्मचारी. कॉकपिटच्या खाली दिसणारा लाल त्रिकोण आत इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारे आसन आणि त्याचा स्फोटक भार असल्याचा इशारा देतो. ‘रेस्क्यू’ लिहिलेला पिवळा बाण बाहेरून कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचे काचेचे झाकण, उघडण्याची कळ कोठे आहे ते दाखवतो. वैमानिक बेशुद्ध असेल आणि आग लागलेली असेल, तर बाहेरच्या माणसाला विमानाची माहितीपुस्तिका चाळायला वेळ नसतो. ‘नो स्टेप’ लिहिलेल्या पृष्ठभागावर पाय दिल्यास पातळ पत्रा किंवा हलता भाग दबू शकतो. जॅक कोठे लावायचा, अर्थिंगची तार कोठे जोडायची, इंधन कोठून भरायचे, हेही त्या त्या जागी लिहिलेले असते. हवा आत खेचणाऱ्या तोंडाशी असलेल्या लाल खुणा तर जीव वाचवणाऱ्या आहेत, कारण चालू इंजिन जवळ उभ्या असलेल्या माणसालाही आत ओढू शकते.

काचेवरील नागमोडी रेघ ही सजावट नाही आणि काच तापवणारी तारही नाही. ती स्फोटक भरलेली अतिशय बारीक दोरी आहे. वैमानिकाने इजेक्शनची मूठ ओढली की आसन वर झेपावण्यापूर्वी, सेकंदाच्या अल्प अंशात ही दोरी पेटते आणि काचेच्या ठिकऱ्या करून वाट मोकळी करते. रेघ वळणावळणाची असते, कारण काचेचे मोठे तुकडे उरता कामा नयेत. तेजसच्या कॅनॉपीवरही अशी रेघ दिसते आणि त्या विमानासाठी ही यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेत विकसित झाली आहे.

प्रश्न : सुखोई-३० एमकेआयची प्रतिकृती बनवत आहे. रंगाच्या डब्यांवर ३६३७५ असे आकडे असतात, ते कसे वाचावेत आणि नेमका कोणता करडा रंग घ्यावा? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : हे आकडे अमेरिकेच्या सरकारी रंगमानकातील आहेत. पहिला आकडा झिलई सांगतो : १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे मध्यम आणि ३ म्हणजे झिलईविरहित. दुसरा आकडा रंगाचा गट सांगतो. ४ हिरवा, ५ निळा, ६ करडा. उरलेले तीन आकडे साधारणपणे गडदपासून फिक्याकडे वाढत जातात. त्यामुळे ३६११८ हा गडद, ३६२७० हा मधला आणि ३६३७५ हा फिका, झिलईविरहित करडा, हे डबा न उघडताही कळते. एफ-१६ विमानांवर हेच तीन करडे बरीच वर्षे एकत्र वापरले गेले.

सुखोई मात्र रशियन घराण्याचे विमान आहे आणि नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात त्याची बांधणी झाली. त्यामुळे अमेरिकी क्रमांक त्याच्यासाठी जवळची छटा म्हणूनच वापरावा, अचूक जुळणी म्हणून नव्हे. माझा सल्ला असा की आधी एक विशिष्ट क्रमांकाचे विमान निवडावे, त्याची ढगाळ दिवशी काढलेली छायाचित्रे मिळवावीत आणि छटा त्यांवरून ठरवावी, कारण कडक उन्हात करडा रंग निळसर किंवा पिवळसर भासतो. प्रत्यक्ष विमान एकसारखे करडे राहतही नाही : वारंवार उघडल्या जाणाऱ्या झडपांच्या कडा मळतात, दुरुस्तीनंतर रंगवलेले तुकडे उजळ दिसतात आणि इंजिनाभोवतीचा धातू उष्णतेने तांबूस-निळा पडतो. तो मागचा भाग करड्या रंगाने झाकू नये. तेथे धातूच्या किमान दोन-तीन छटा लागतील.