‘पत्रिका जुळत नाही’ कसं ऐकायचं

स्थळं जुळवण्याच्या कामात तू नवीन आहेस, म्हणून आधीच सांगते. मुलाकडच्यांनी "पत्रिका जुळत नाही" म्हटलं की "किती गुण जमले?" असं विचारू नकोस. ३६ पैकी १८ गुण चालतात, हे त्यांनाही ठाऊक असतं. तो नकार आहे, मुलीत खोट न काढता दिलेला. तसाच पुढे पोचव. "घरात विचारून कळवतो" म्हणून आठ-दहा दिवस फोन नाही, तर तेही नाहीच.

एकदा मुलीची आई माझ्या हातात चहाचा कप देताना हळूच म्हणाली, "मुलगा फारच लांब राहतो, नाही?" मी आपली गाड्यांच्या वेळा सांगत बसले. दाराआड उभ्या मुलीचे डोळे सुजलेले होते, ते उशिरा दिसले. बोलणं ऐकताना बोलणाऱ्याकडे बघत जा गं.

आणि "आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या मुलीला तुम्ही हौसेनं काय घालाल ते घाला" हे वाक्य आलं की कान टवकार. पुष्कळदा ती मागणीच असते. तिथे मात्र तू आडून बोलू नकोस. हुंडा घेणं-देणं १९६१च्या कायद्याने गुन्हा आहे, हे दोन्ही घरांसमोर स्पष्ट सांग.