वाचक विचारतात : हरिश्चंद्रगडाला फेरी मारून कोकणकडा, आणि तोही एका दिवसात?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही ठाण्याचे. मागच्या जुलैमध्ये पायथ्याच्या पाचनई गावाहून हरिश्चंद्रगडावर गेलो, सरळ कोकणकड्यावर पोचलो आणि समोर नुसता पांढरा पडदा, दरी कुठंय तेच कळेना, अर्धा तास कुडकुडत उभे राहिलो आणि आल्या वाटेने खाली. मिस्टर म्हणतात आता परत कशाला. मुलगा १३ वर्षांचा, त्याला ते गोल इंद्रधनुष्य बघायचंय, संध्याकाळपर्यंत थांबलो तर दिसेल का? गेलो त्याच वाटेने परत न येता वर फेरी मारता येते का? माझं वय ४६, उतरताना गुडघा थोडा बोलतो.

उत्तर : मिस्टरांना सांगा की तुम्ही अजून कोकणकडा बघितलेलाच नाहीये, त्यामुळे "परत" हा शब्दच चुकीचा :) जुलैत तिथे जायचं ते धबधब्यांसाठी, पाचनईच्या वाटेवर कातळाच्या पोटातून चालताना अंगावर पाणी पडतं त्यासाठी. कडा बघायचा तर सप्टेंबरचा शेवट ते डिसेंबर. आधी गेलात तर पठारावर सोनकी पिवळीधमक असते, उशिरा गेलात तर हवा स्वच्छ.

गोल इंद्रधनुष्याचं मात्र मुलाला नीट समजावा. त्याला इंद्रवज्र म्हणतात, १८३५ मध्ये कर्नल साइक्सने ते इथे बघितल्याचं सांगतात. पण त्यासाठी ऊन तुमच्या पाठीमागून यायला हवं आणि समोर खाली दरीत ढग भरलेले हवेत, मग त्या ढगावर रंगीत वर्तुळ आणि मधोमध आपलीच सावली. कडा बघतोय पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळी सूर्य समोर. सावली पडणार मागे, मग इंद्रवज्र कुठून दिसणार? ते सकाळचं काम. त्यामुळे सूर्यास्तासाठी थांबायचं असेल तर थांबा, इंद्रवज्रासाठी नको. आणि एका दिवसात उतरायचं असेल तर सूर्यास्तही सोडाच, अंधारात पाचनईची वाट, पोरगं आणि दुखरा गुडघा, हे तिन्ही एकत्र नको.

आता फेरी. सगळे मंदिरावरून थेट कड्याकडे पळतात, तुम्ही उलटं करा. घोटी, शेंडी, राजूर करत आदल्या रात्रीच पाचनईला मुक्कामाला या. सकाळी साडेसहाला निघालात तर थांबत थांबतसुद्धा नऊपर्यंत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराशी. तिथे घाई करू नका. मंदिर तर आहेच पण शेजारी केदारेश्वराची गुहा बघा, मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं गारठून टाकणारं पाणी आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. चौथा तुटला की जगबुडी, असं गावातले सांगतात, आमच्या ग्रुपमधला एकजण दरवेळी जाऊन तो खांब चेक करतो.

मग गुहांच्या मागून तारामती शिखर, चढ खडा आहे पण पाऊण-एक तासाचाच, आणि शिखराची उंची १४०० मीटरच्या वर. सकाळचे पाय ताजे असतात म्हणून ती आधी. वरून माळशेजचा सगळा पसारा दिसतो, हवा चांगली असेल तर कळसूबाईसुद्धा. तिथून धारेने आणि मग झाडीतून कड्याकडे उतरता येतं, पण झाडीत ढोरवाटा इतक्या फुटतात की नवखा माणूस हमखास गोल फिरतो, मीही फिरलेय. पाचनईतलाच एखादा वाटाड्या घ्या, पैसे आधी बोलून घ्या.

कड्यावर बारा-साडेबाराला पोचाल. उभ्याने टोकाला जायचं नाही, पोटावर झोपायचं, मागच्याने पाय धरायचे, मग डोकं पुढे. कडा वाटीसारखा आत गेलाय त्यामुळे आपल्या खालची भिंत दिसतच नाही, एकदम खालचं रानच दिसतं. गवताची वाळकी काडी सोडून बघा, खालून येणारा वारा ती उचलून तुमच्या डोक्यावरून मागे नेतो, माझी टोपी अशीच गेली होती आणि मागच्या झुडपात सापडली. दगड मात्र एकही टाकायचा नाही, खालून नळीच्या वाटेने लोक चढत असतात. मुलाचा रील जो काय असेल तो कड्यापासून दहा पावलं मागे.

दोनच्या आत कडा सोडा. मंदिराकडे परत यायला पठारावरची रुळलेली वाट आहे, फारशी चढउतार नाही, आणि पुढे पाचनई. सगळी फेरी जेवणाखाण्यासकट नऊ-दहा तास धरा. गुडघ्याचं म्हणाल तर चढ तुम्हाला त्रास देणार नाही, शेवटचा उतार देईल. दोन काठ्या घ्या, एक नाही, आणि निकॅप चढताना बॅगेत ठेवून उतरताना घाला. रेलिंग आहे तिथे धरून सावकाश, मागच्या पब्लिकला पुढे जाऊ द्या.

आणि सकाळी निघतानाच ज्यांच्या घरी उतरलात त्यांना भाकऱ्यांचा आकडा सांगून जा, वर रेंजचा भरवसा नाही. तेरा वर्षांच्या पोराच्या दोन जास्तीच्या धरा.