2121 पोर्टवरच्या एफटीपी सर्व्हरला लॉगिन होतं, पण फायलींची यादी का येत नाही?

फाइलझिलात (एफटीपी सर्व्हरला जोडणारा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट) लॉगिन होतंय आणि यादी मागितली की 20 सेकंदांनी टाइमआउट येतोय, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे 2121 बरोबर आहे आणि उघडाही आहे, त्याला हात लावू नका. अडलंय ते दुसरं कनेक्शन.

एफटीपीत पहिल्या कनेक्शनवरून नुसत्या आज्ञा जातात. एरवी ते 21 वर असतं, तुमच्याकडे 2121 वर. यादी किंवा फाइल यायची म्हटली की दर वेळी नवं कनेक्शन लागतं आणि तेही वेगळ्या पोर्टवर.

लॉगमध्ये 227 ने सुरू होणारी ओळ शोधा. दुसरं कनेक्शन कुठे जोडायचं ते सर्व्हर तिच्यात सांगतो, यालाच पॅसिव्ह मोड म्हणतात. तिच्यात कंसात सहा आकडे असतात, समजा 192,168,1,10,195,80. पहिले चार म्हणजे आयपी पत्ता. पोर्ट शेवटच्या दोनांतून काढायचा: 195 गुणिले 256, अधिक 80, म्हणजे 50000. हाच पोर्ट वाटेत कुठेतरी बंद आहे. पत्ता असा 192.168 चा आला, तर सर्व्हर राउटरच्या मागे बसून आपला आतला पत्ता बाहेर सांगतोय. फाइलझिला हे ओळखून मूळ पत्ताच वापरतो, पण प्रत्येक क्लायंट तसं करेलच असं नाही.

मग 21 वर हेच सुरळीत का चालतं? बऱ्याच राउटरमध्ये आणि फायरवॉलमध्ये एफटीपीचं संभाषण वाचून हवा तो पोर्ट तेवढ्यापुरता उघडून देणारी सोय असते. ती सहसा 21 वरच लक्ष ठेवते, 2121 कडे बघतही नाही. एफटीपीएस (एन्क्रिप्शन असलेलं एफटीपी) असेल तर मजकूर एन्क्रिप्टेड, त्यामुळे तिला काही वाचताच येत नाही.

सर्व्हर तुमचा असेल तर पॅसिव्ह पोर्टची रेंज ठरवून टाका, उदाहरणार्थ 50000 ते 50100. तीच रेंज फायरवॉलमध्ये उघडा, राउटरवर फॉरवर्ड करा आणि पॅसिव्ह पत्ता म्हणून बाहेरचा आयपी द्या. नुसता 2121 फॉरवर्ड करून थांबणं ही इथली नेहमीची चूक. सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर ती 227 ची ओळ जशीच्या तशी त्यांना पाठवा, त्यांना लगेच कळेल.

विंडोजच्या कमांड लाइनवरच्या एफटीपीने तपासू नका, त्याला पॅसिव्ह मोड येतच नाही.

आणि शक्य असेल तर सरळ एसएफटीपी मागा, म्हणजे एसएसएच या सुरक्षित लॉगिनच्या पद्धतीवरून फायली पाठवणं. सगळं एकाच कनेक्शनवरून जातं, त्यामुळे पोर्ट कुठलाही असो, तेवढा एक उघडला की झालं. टर्मिनलवर मात्र एक सांभाळा: एसएसएचला पोर्ट देताना स्मॉल पी लागतो, एसएफटीपीला कॅपिटल. एसएफटीपीला स्मॉल पी दिलात तर तो पुढच्या आकड्यालाच सर्व्हरचं नाव समजतो.