न्यूयॉर्कची सिटीकॉर्प बिल्डिंग खरंच पडायला आली होती का? आणि तिचे खांब कोपऱ्यात का नाहीत?

खांबांचं आधी सांगून टाकते. त्या प्लॉटच्या एका कोपऱ्यात सेंट पीटर्स चर्च होतं, त्यांनी जागा दिली ती या अटीवर की तिथेच नवीन चर्च बांधून द्यायचं आणि तुमचा एकही खांब त्यातून जाता कामा नये. म्हणून विल्यम लेमेझुरिए या स्ट्रक्चरल इंजिनिअरने चारही मोठे खांब चार बाजूंच्या मधोमध घेतले, जवळजवळ ३५ मीटर उंच, वर ५९ मजल्यांची इमारत आणि कोपरे अधांतरी. वरचं वजन त्या मधल्या खांबांवर आणायला दर आठ मजल्यांना व्ही आकाराचं ब्रेसिंग, म्हणजे सांगाड्याला आधार देणाऱ्या तिरक्या स्टीलच्या दांड्या. लोक ते तिरकं छप्पर बघतात, मला विचाराल तर खरी कमाल बाहेरून न दिसणाऱ्या त्या ब्रेसिंगची आहे.

आता पडण्याचं. तुम्ही लिहिलंय की सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि सरांनी वर्गात "डिझाइन चुकलं होतं" एवढंच सांगितलं. तिथेच माझं डोकं फिरलं, कारण अर्धी गोष्ट जोडांची आहे. ब्रेसिंगचे जोड मूळ डिझाइनमध्ये पूर्ण वेल्डचे होते. काम चालू असताना पैसे वाचतात म्हणून बोल्ट घातले, लेमेझुरिएच्याच ऑफिसने ते मंजूर केलं, आणि त्याला स्वतःला कळलं १९७८ मध्ये, म्हणजे १९७७ ला इमारत पूर्ण झाल्यानंतर!

हे वाचलं की मला माझी शेड आठवते. मी २६ वर्षांची होते, नाशिकजवळ एका कारखान्याच्या स्टील शेडवर साईट इंजिनिअर. ड्रॉइंगमध्ये ब्रेसिंगच्या गसेटला, म्हणजे दांड्या जोडणाऱ्या पत्र्याला, साईटवरच करायचं वेल्ड दाखवलेलं, आणि फॅब्रिकेटरकडून माल आला तो भोकं पाडून, बोल्टसाठी. मी साहेबांना विचारलं की कन्सल्टंटला, म्हणजे शेडचं डिझाइन करणाऱ्याला, कळवलंय का, तर म्हणाले बोल्ट काय आणि वेल्ड काय, जोड तो जोड, बिल अडवू नको. मी रात्री बसून आकडेमोड केली, अकरापैकी सहा जोड कमी पडत होते, सकाळी साहेबांना न विचारता कन्सल्टंटला पत्र पाठवलं. दोन दिवस साईटवर माझ्याशी कुणी धड बोललं नाही, चहासुद्धा माझा मीच आणायचे. तिसऱ्या दिवशी कन्सल्टंटचं उत्तर आलं, सहाच्या सहा जोडांवर स्टीलच्या प्लेटा मारा म्हणून. प्लेटा मारल्या आणि पुढच्या महिन्यात मला त्या साईटवरून काढून ऑफिसात बिलं तपासायला बसवलं. साहेब नंतर भेटले की प्रत्येक वेळी एकच, "पडली का शेड? उगाच घाबरवलंस सगळ्यांना." अहो, प्लेटा मारल्यावर कशी पडेल?

सिटीकॉर्पचं गणित म्हणूनच नीट समजून घ्या. लेमेझुरिएने वारा समोरून धरला होता. मग तिरका, कोपऱ्यावर येणारा वारा तपासला तर काही ब्रेसिंगमध्ये ताण ४० टक्के वाढला. आणि बोल्ट किती लागतील हे वाऱ्याच्या ताणातून इमारतीच्या वजनाचा दाब वजा करून काढलं होतं. वजन तेवढंच राहतं, ताण तेवढा वाढतो, त्यामुळे वजाबाकीनंतर उरणारा आकडा १६० टक्क्यांनी वाढला. सगळा भार त्या बोल्टांवर. डोलणं कमी करायला वरती ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा होता, पण तो विजेवर चालायचा, आणि वादळात वीज गेली तर इमारत पाडायला साधारण १६ वर्षांतून एकदा येईल एवढं वादळ पुरे, असा त्याचा हिशोब निघाला.

तो गप्प बसला नाही, मालकांना सांगितलं. ऑगस्ट १९७८ पासून रात्री, ऑफिसं सुटल्यावर, दोनशेहून जास्त जोडांवर दोन इंच जाडीच्या प्लेटा वेल्ड केल्या. मधेच सप्टेंबरमध्ये एला नावाचं चक्रीवादळ किनाऱ्याकडे यायला लागलं, नशिबाने समुद्रात वळलं. तिथे काम करणाऱ्या आणि आसपास राहणाऱ्या लोकांना मात्र खरं कारण सांगितलं नाही, १९९५ ला एका मासिकात छापून आलं तेव्हा जगाला कळलं. हे लपवणं मला अजिबात पटत नाही, त्याचं कितीही कौतुक होवो.

एक राहिलंच, अलीकडे अमेरिकेच्या सरकारी संस्थेतल्या अभ्यासकांनी परत गणित केलं तेव्हा तिरका वारा समोरच्यापेक्षा घातक निघाला नाही. म्हणजे "पडणारच होती" असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण म्हणून जोड बदलून डिझाइनरला न सांगणं बरोबर ठरत नाही, आणि साहेब हे वाचत असतील तर त्यांच्यासाठीही हेच.

तुम्ही साईटवर जाल तेव्हा ड्रॉइंगपेक्षा वेगळा माल आला की फोनवर विचारू नका, लिहून विचारा, तारीख घाला, उत्तरावर सही घ्या. साहेब रागावले तर रागावू देत. मागच्या दिवाळीत मी त्या कारखान्यात मुलीला घेऊन गेले होते, गेटवरून परवानगी काढून. सहाही प्लेटा जागेवर आहेत, रंग वेगळा लागलाय म्हणून खालूनही ओळखू येतात. तिने मोजल्या.