वाचकांचे प्रश्न : मुले मंडळीपासून दूर का जातात?

प्रश्न : प्रभूच्या नावात सलाम. मी नवापूर तालुक्यातील एका ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पंच आहे. माझा मुलगा संडे स्कूलमध्ये असताना वचनांच्या पाठांतरात दरवर्षी बक्षीस मिळवत असे. बारावीनंतर तो सुरतेला गेला आणि आता तेथेच कापडाच्या कारखान्यात कामाला आहे. तीन वर्षांत तो एकदाही उपासनेला आलेला नाही. नाताळाला घरी येतो, पण चर्चला निघताना 'तुम्ही जा, मी घर सांभाळतो' असे म्हणतो. त्याच्या वयाची मुले आमच्या मंडळीत आता जवळजवळ दिसतच नाहीत. पाळकसाहेब म्हणतात, शहराने आणि मोबाईलने मुले नेली. हे खरे आहे का? मी काय करावे?
– एक पंच

उत्तर : सलाम. आपल्या पाळकसाहेबांचे म्हणणे अगदीच खोटे नाही, पण मला ते पुरेसे वाटत नाही. मुलगा शहरात गेल्यावर त्याची बाकावरची जागा रिकामी दिसू लागते एवढेच. मनाने तो बहुधा गावात असतानाच, तेरा-चौदा वर्षांचा असताना, तेथून उठलेला असतो.

गावापासूनचे अंतर हेच कारण असते, तर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले सर्वांत आधी तुटली असती. दिवाळीनंतर आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे बारडोली-व्यारा पट्ट्यात तोडीला जातात आणि त्यांचा नाताळही तेथल्या पडावावरच होतो. अशा एका पडावावर मी एकदा मुक्कामाला होतो. दिवसभर कोयता चालवून आलेली माणसे रात्री चुलीभोवती बसून मावची बोलीत गाणी म्हणत होती, आणि ज्या पोराला त्याची आई गावातल्या चर्चमध्ये सारखी 'गप बस' म्हणून दटावत असे, तोच पोरगा तेथे वाचणाऱ्याच्या वहीवर टॉर्च धरून उभा होता. त्याच्यावाचून वाचन अडले असते आणि ते त्याला ठाऊक होते. पुढे हा मुलगा मंडळीत टिकला.

दुसरा मुलगा टिकला नाही, आणि त्यात माझा दोष आहे. तो माझ्याच संडे स्कूलच्या वर्गात होता. त्याचे वडील आजारी पडले तेव्हा सगळ्या मंडळीने उपास धरून प्रार्थना केली, तरी ते वाचले नाहीत. दोन रविवारांनंतर त्याने वर्गात उभे राहून विचारले, ''गुरुजी, एवढ्या लोकांची प्रार्थना देवाने का ऐकली नाही?'' मला उत्तर येत नव्हते. 'मलाही कळत नाही रे' असे म्हणून त्याला जवळ घेण्याऐवजी, आपला विश्वास कमी पडला असेल, असे मी सर्वांसमोर बोलून गेलो. तो खाली बसला. त्यानंतरही तो वर्षभर वर्गाला येत होता आणि वचने बिनचूक म्हणत होता, म्हणून मला वाटले की सर्व ठीक आहे. पुष्कळ वर्षांनी भेटला तेव्हा तो प्रेमाने बोलला, चहा पाजला, पण चर्चचा विषय निघताच उठला.

आपला मुलगा पाठांतरात पहिला येत असे, हे आपण अभिमानाने लिहिले आहे, आणि तो अभिमान योग्यच आहे. तरीही सांगावेसे वाटते, की आम्ही संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांची स्मरणशक्ती तपासली, त्यांच्या मनात काय चालले आहे ते क्वचितच विचारले. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही करत होता. आपल्या मंडळ्यांत त्या वयाच्या मुलाला पंचांमध्ये बसून काही विचारण्याची जागा आहे का?

गाण्यांचा वादही येथलाच आहे. गिटार आणले म्हणून तरुण संघाला बोलणी खावी लागतात आणि त्या वेळी हमखास कवी ना. वा. टिळकांच्या भजनांचा दाखला दिला जातो. पण १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ओवी आणि अभंग ख्रिस्ती उपासनेत आणले ते परक्या चालींवर भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीला आपल्या भाषेत गाता यावे म्हणून. मग घरी मावची किंवा अहिराणी, शाळेत दुसरीच भाषा आणि चर्चमध्ये पोथीची मराठी अशा तिढ्यात वाढणाऱ्या मुलाने स्वतःच्या बोलीत एखादे गाणे रचले, तर ते त्याच वाटेवरचे पाऊल आहे असे मी मानतो.

आणखी एक कारण आहे, ज्याविषयी आपण उघडपणे बोलत नाही. कॉलेजात आणि नोकरीच्या अर्जात धर्म लिहिताना, आरक्षण जाईल म्हणून मुले घाबरतात. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही, हे आदिवासी घरांतील मुलांना कोणी नीट समजावून सांगत नाही. अनुसूचित जातींच्या बाबतीत मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती अट आहे आणि तिच्यात ख्रिस्ती बसत नाहीत. जळगाव-भुसावळकडच्या काही घरांत त्यामुळे कागदावर एक आणि मनात एक असे जगावे लागते. अशा मुलाला 'तू ख्रिस्ताला लाजतोस' असे सुनावणे फार क्रूरपणाचे आहे.

आता आपण काय करावे, याविषयी. बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात युतुख नावाचा तरुण आहे. पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, खिडकीत बसलेल्या युतुखाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. भाषणात झोपल्याबद्दल त्याला कोणी बोलल्याचे तेथे लिहिलेले नाही. पौल भाषण थांबवून स्वतः जिना उतरला आणि त्याने त्याला कवटाळले. तीन वर्षांत आपल्या पंच कमिटीतील किती जण सुरतेला जाऊन आपल्या मुलांच्या खोलीवर बसले? नवापूरहून थेट गाडी आहे. कदाचित त्याला रविवारीही पाळी असते, हे तेथे गेल्यावरच कळेल.

आपण स्वतः जा, आणि पंच म्हणून नव्हे, वडील म्हणून जा. भाकरी आणि ठेचा बांधून न्या. 'चर्चला का येत नाहीस' हे या खेपेला विचारू नका. त्याच्या लहानपणी त्याने कधी काही विचारले होते आणि आपण किंवा आमच्यासारख्या शिक्षकांनी त्याला गप्प बसवले होते, असे काही आठवते का, तेवढेच विचारा. त्याने सांगितले तर मध्ये बोलू नका. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नसेल तर तसे त्याला सांगा, आणि परत आल्यावर तो प्रश्न पाळकसाहेबांना नाव न घेता कळवा, म्हणजे गावात आज तेरा वर्षांची असलेली मुले तो विचारतील तेव्हा त्यांना कोणी खाली बसवणार नाही.