घर रंगवून उरलेला रंग पुढच्या टचअपसाठी ठेवता येतो का?

तुमचा प्रश्न असा, की फ्लॅट रंगवल्यावर भिंतींचं तीनेक लीटर इमल्शन आणि ग्रिलचा अर्धा लीटर ऑइलपेंट उरलाय, तो टाकायचा की ठेवायचा.

जरूर ठेवा. पण त्याआधी रंगाऱ्याला एक विचारा, उरलेल्या इमल्शनमध्ये पाणी घातलंय का? इमल्शन पाण्यातलाच रंग. त्यात जिवाणू वाढू नयेत म्हणून कंपनी मोजून औषध घालते. वरून पाणी घातलं की ते औषधही पातळ होतं आणि रंग नासतो. आमच्याकडे शेवटच्या दिवशी ट्रेमधला पाणी घातलेला रंग बादलीतल्या चांगल्या रंगात परत ओतला गेला. मी तिथेच उभा होतो, पण तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पावसाळ्यानंतर झाकण उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास! चार लीटर रंग गेला. म्हणून पाणी घातलेला रंग त्याच आठवड्यात मोरीत किंवा बाल्कनीत वापरून संपवा.

चांगला रंग वीस लीटरच्या बादलीत तळाशी ठेवू नका, वरच्या हवेने तो सुकतो. जुन्या मलमलीतून गाळून, तो जेमतेम मावेल अशा स्वच्छ, कोरड्या डब्यात काठोकाठ भरा. काठावरचा रंग पुसा, पॉलिथिन पसरून झाकण बसवा. पत्र्याचा डबा असेल तर झाकणावर लाकडाचा तुकडा ठेवून ठोका. नुसत्या हातोडीने झाकण वाकतं आणि मग हवा जातच राहते.

ऑइलपेंटचं वेगळं आहे. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, म्हणून डब्यात दुधासारखी साय धरतो. झाकण लावण्याआधी वर चमचाभर टर्पेंटाइन सोडा, ढवळू नका. डबा पत्र्याचाच हवा, कारण टर्पेंटाइनने काही प्लास्टिक मऊ पडतं. तरी साय आलीच तर सुरीने कडेने कापून अख्खी उचला. ढवळून मिसळलीत तर गुठळ्या थेट ग्रिलवर दिसतील.

डब्यावर खोली, तारीख आणि शेड नंबर लिहा, पण झाकणावर नाही, अंगावर. झाकणं अदलाबदल होतात. दुकानातल्या मशीनवर शेड बनवून घेतली असेल तर डब्यावरच्या शेडच्या स्टिकरचा फोटोही काढून ठेवा.

गच्चीखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, बाथरूमच्या माळ्यावर पत्रा गंजतो. आम्ही पॅसेजमधल्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवतो. ऑइलपेंट गॅसजवळ नकोच. आणि कृपा करून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत रंग भरू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

माळ्यावर आधीचा एखादा जुना ऑइलपेंटचा डबा असेल, तर तो वापरू नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात किती आहे ते आपल्याला घरी कळत नाही. तो बेसिनमध्ये ओतू नका, बंद डब्यातच घातक कचरा म्हणून वेगळा द्या.

टचअप करताना आधी दाराआडच्या कोपऱ्यात थोडा लावून वाळू द्या. वर्षभरात भिंत फिकी होते, त्यामुळे डब्यातला तोच रंग गडद दिसतो. फरक जाणवला तर ठिगळ न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीवर एक हात मारा. तीन लीटर तेवढ्यासाठी सहज पुरेल.